अर्धा गुण

विट्यात दुपारी दोनला लाइट गेली
की आधी कान मोकळे व्हायचे.
गल्लीगल्लीतले माग एकामागून एक गप्प,
कुठंतरी शेवटचा धोटा अर्ध्या वाटेत अडकलेला,
आणि ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मला माझाच आवाज उगीच मोठा वाटायचा.

त्या दिवशी फळ्यावर गणित होतं.
एक इलेक्ट्रॉन पूर्वेला निघालाय, खानापूरच्या रोखानं,
सेकंदाला वीस लाख मीटर.
चुंबकीय क्षेत्र उत्तरेला, मायणीकडे. अर्धा टेस्ला.
बळ किती, आणि कुठल्या दिशेला?

किती, ते सगळ्यांना आलं.
प्रभार गुणिले वेग गुणिले क्षेत्र,
कोन काटकोन, म्हणून साइन एक.
दशांश चिन्हानंतर बारा शून्यं, मग सोळा.
"सर, एवढ्यानं मुंगीची मिशी तरी हलेल का?"
मागच्या बाकावरून कुणीतरी.
मुंगीची नाही हलणार, म्हटलं,
पण हे बळ मुंगीला लावायचंच नाहीये.

दिशेपाशी घोळ झाला.
चाळीसेक उजवे हात हवेत.
बोटं खानापूरकडे, मग मायणीकडे मिटवायची,
अंगठे सगळे वर, बंद पंख्याकडे.
"वर!"
इलेक्ट्रॉन ऋण असतो, हे एकालाही आठवलं नाही.

गौतमी दिवटे तेवढी म्हणाली, खाली.

मी वही पाहिली. उत्तर बरोबर,
मधली पायरी गायब.
"उणे चिन्ह कुठं घेतलंस?"
"घेतलं नाही सर.
हात डावा होता."

हात तिनं ओढणीखाली नेला.
याच हातानं तीर्थ घेतलं म्हणून
भर देवळात चापट बसली होती,
चुलतीनं सुताच्या आटीनं तो
कमरेशी बांधून जेवायला बसवलं होतं,
हे मला पुष्कळ नंतर कळलं.
तेव्हा मी फक्त मास्तर होतो.
म्हटलं, आता प्रोटॉन घे. तसाच, पूर्वेला.

पुन्हा तोच हात. "खाली."
चूक.
वर्ग हसला. ती नाही हसली.
हात पालथा केला, उताणा केला,
न बसणारी बांगडी पाहावी तसा पाहिला,
मग माझ्याशी नाही, हाताशीच बोलली:
"म्हणजे हा चुकीचा नाही.
हा ऋण आहे."

साडेपाचला लाइट आली. ती थांबली होती.
जुना ऑसिलोस्कोप तापायला वेळ घ्यायचा;
हिरवा ठिपका उमटला, थरथरला, स्थिर झाला.
मी पट्टीचुंबक दिला. तिनं तो डाव्या हातात घेऊन
काचेजवळ नेला, आणि ठिपका
न शिवता बाजूला सरकला.
"वेग वाढला त्याचा?"
नाही. हे बळ वेगाशी काटकोनात असतं,
पुढं ढकलत नाही, मागं ओढत नाही,
नुसतं वळवतं. काम शून्य.
"आणि तो थांबलेलाच असेल तर?"
तर बळही शून्य. चुंबक कितीही मोठा असू दे,
थांबलेल्याला तो आहे हेच कळत नाही.

ती काही बोलली नाही.
खाली दिवट्यांच्या शेडमध्ये मोटर घुमली,
तांब्याच्या तारांत तेच बळ कामाला लागलं.
मी घाईनं म्हणालो, शून्य म्हटलं खरं,
मोटरचं गणित वेगळं, ते उद्या.
ते उद्या राहूनच गेलं.
पोर्शन संपवायचा होता.

चाचणीत तिला साडेचार दिले, पाचपैकी.
पायरी दाखवली नाही, म्हणून.
नियमानं बरोबरच होतं.
तरी निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करताना
तो चुंबक हाताला लागला, रंग उडालेला,
एका टोकाला लोखंडाच्या किसाची दाढी,
आणि मी कुणी बघत नाहीसं पाहून
डावा हात पुढं केला.
बोटं खानापूरकडे. मग मायणीकडे.
अंगठा खाली गेला, फरशीकडे,
शेडमधला आवाज जिथून वर यायचा तिकडे.